तिकीट काढून पाहायचं भुयार

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) खेळणाऱ्या कुठल्याही टेबलावर कधी ना कधी एक चावट प्रश्न निघतोच. डोंगराखालच्या भुयारात, दहा बाय दहा फुटांच्या खोलीत, एक ऑर्क पेटीवर बसून नेमकं काय करत असतो? तो जेवतो कुठं? बाहेर जायचं झालं तर त्यालाही रोज तो काट्यांचा खड्डा ओलांडावा लागतो का? आणि ज्या दगडी दरवाजाच्या कोड्यावर आपण अर्धा तास डोकं फोडतो, ते कुणी घातलं, कुणासाठी? कुणाला आत येऊ द्यायचं नसेल तर माणूस दाराला कुलूप लावतो. उत्तर सापडेल असं कोडं लावत नाही.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ छापून आला तेव्हा त्यांनी या प्रश्नाची बोळवण वेड्या जादूगारांवर केली. त्यांच्या कितीतरी पिढ्यांनी हा वाडा बांधला, त्याखाली ही तळघरं खोदली, आता तर्क विचारू नका. चाललं तेही. पण या खेळाच्या विश्वात एक छोटी, काहीशी वात्रट परंपरा आहे, जिनं प्रश्नाला बगल दिली नाही. तिचं उत्तर असं: भुयार तुमच्यासाठीच बांधलंय. खोल्या मोजून आखल्यात, राक्षस आणून ठेवलेत, सापळ्यांना तेलपाणी झालंय, आणि लोक बघायला आलेत. या परंपरेतला रक्तपात मला फारसा मोहवत नाही. मला मजा वाटते ती वेगळीच. प्रेक्षक आणून बसवला की भुयाराला एकदम मालक मिळतो, आणि मालक मिळाला की त्याचा स्वभाव वाचता येतो.

असा पहिला लक्षात राहणारा मालक म्हणजे बॅरन सुकुमवित. इयन लिव्हिंगस्टन यांचं ‘डेथट्रॅप डंजन’ १९८४ साली आलं. ‘फायटिंग फँटसी’ मालिकेतलं हे सहावं पुस्तक. एकट्यानं, पेन्सिल आणि दोन फासे घेऊन खेळायचं. चारशे तुकडे, प्रत्येकाच्या शेवटी ‘अमुक क्रमांकावर जा’. काटेकोर पाहिलं तर याला टेबलावरचा रोलप्लेइंग गेम म्हणता येणार नाही, कारण समोर दुसरं माणूस नसतं. तरी सुरुवात इथूनच करायला हवी. लिव्हिंगस्टन थायलंडमध्ये हिंडले होते, आणि तिथली नावं त्यांनी बिनधास्त उचलली. फांग हे गाव, च्यांग माय हा प्रांत, कोक ही नदी, आणि बँकॉकच्या रस्त्यावरून थेट गादीवर चढलेला सुकुमवित. थाई वाचकाला हे कसं वाटत असेल कोण जाणे. कल्पना करा, एखाद्या इंग्रजी पुस्तकातल्या क्रूर सरदाराचं नाव ‘लॉर्ड लक्ष्मी रोड’ असावं.

फांग हे आडगाव. त्याला नाव मिळावं म्हणून सुकुमवितनं भुयार खोदवलं आणि स्पर्धा जाहीर केली. एका बाजूनं शिरायचं, दुसऱ्या बाजूनं जिवंत बाहेर यायचं. बक्षीस दहा हजार सोन्याची नाणी. दरवर्षी एक मेला गावात जत्रा भरते, स्पर्धकांच्या दंडाला जांभळं फडकं बांधतात, त्यांची देवासारखी बडदास्त ठेवतात. मग सकाळी सहा जण ओळीनं उभे राहतात, दोन रानटी योद्धे, एक सरदार, एक एल्फ स्त्री, एक निंजा आणि तुम्ही. ठरावीक अंतरानं एकेक जण अंधारात शिरतो. गर्दी ओरडते.

आणि इथं लिव्हिंगस्टन यांची खरी करामत आहे. फांगच्या गर्दीला आतलं काहीच दिसत नाही. ना कॅमेरा, ना जादूचा आरसा. लोक आत जाणाऱ्याला निरोप देतात आणि पलीकडच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात. आजवर तिथून कुणीही बाहेर आलेलं नाही. म्हणजे हा असा खेळ आहे, ज्यात प्रेक्षक वर्षानुवर्षं एका रिकाम्या भोकाकडे बघतोय. तरी गाव भरतं, दुकानं चालतात, नाव होतं. क्रीडा-व्यवसायावर इतकी कोरडी टिप्पणी मी मुलांच्या पुस्तकात दुसरीकडे वाचलेली नाही.

आत शिरल्यावर पहिलीच गोष्ट भेटते ती दगडी टेबलावर मांडलेल्या सहा पेट्या. एकीवर तुमचं नाव. उघडली की दोन सोन्याची नाणी आणि बॅरनची चिठ्ठी. चिठ्ठीतला मजकूर एवढाच की थांबून पेटी उघडण्याइतकी अक्कल तुम्हाला आहे हे बरं झालं, आता ऐका, पार व्हायचं असेल तर वाटेत काही वस्तू शोधाव्या लागतील. काय वस्तू, ते सांगत नाही. मला हे दोन नाण्यांचं पाकीट फार आवडतं. त्यात यजमानाचा शिष्टाचार आहे, मांजराचा उंदराशी चालणारा खेळ आहे, आणि नियमपुस्तिकाही आहे. साध्या भुयारात अशी चिठ्ठी सापडली असती तर आपण हसलो असतो. इथं ती बसते, कारण हे भुयार म्हणजे एका माणसाचं पाहुण्यांशी चाललेलं संभाषण आहे.

पुढे ते संभाषण विखारी होत जातं. थ्रॉम नावाचा रानटी योद्धा भेटतो, आणि स्पर्धक असूनही तुम्ही दोघं जोडीनं चालायला लागता. काही पानं बरी जातात, सोबत असते. मग एका बुटक्याच्या दालनात येऊन ठेपता. हा सुकुमवितचा परीक्षक. विजेता एकच असू शकतो हे तो शांतपणे सांगतो आणि दोघांना वेगळं करतो. फाशांचा अंदाज, नागाला नुसत्या हातानं पकडणं, अशा परीक्षा होतात. शेवटी तुमच्यासमोर उभा राहतो थ्रॉम. नागाचं विष चढून भ्रमिष्ट झालेला, तुम्हाला न ओळखणारा. पळायला वाट नाही. फासे टाकायचे आणि त्याचा दम एकेक लढतीनं खाली आणायचा. पेन्सिलीनं आकडा खोडायचा, नवा लिहायचा, परत खोडायचा. त्या खोडण्यात जे होतं ते वर्णनानं झालं नसतं. शत्रूच्या रकान्यात आपण मित्राचं नाव आपल्याच अक्षरात लिहिलेलं असतं.

त्याच्या उलट टोकाला एल्फ स्त्रीचा प्रसंग आहे. ती अजगराच्या विळख्यात सापडलेली दिसते. तुम्ही मदतीला धावलात तरी ती वाचत नाही, पण मरता मरता रत्नांबद्दल सांगून जाते, ती गोळा केल्याशिवाय शेवटचं दार उघडणार नाही म्हणून. प्रतिस्पर्ध्याला. फुकट. फांगमधल्या एकाही माणसाला हे कधी कळणार नाही. संपूर्ण स्पर्धेतली सर्वांत मोठ्या मनाची कृती प्रेक्षकांच्या डोळ्यांआड होते, आणि तिचा एकुलता एक साक्षीदार तो, ज्याच्या हातात पुस्तक आहे. लिव्हिंगस्टन यांनी हे ठरवून केलं असेल की नाही, मला फरक पडत नाही. रचनेत ते आहे.

(१९८६ च्या ‘ट्रायल ऑफ चॅम्पियन्स’मध्ये ते परत या भुयाराकडे आले, सुकुमवितचा भाऊ लॉर्ड कार्नस आणि त्याचा गुलामांचा आखाडा जोडून. आखाडा आला, गर्दी आली, सगळं उघड्यावर दिसू लागलं, आणि पहिल्या पुस्तकातला तो थंडपणा गेला. भुयार मात्र आणखी अवघड झालं.)

प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात कुणाला किती दिसतं, हा या सगळ्या प्रकाराचा कणा आहे, आणि ब्रिटिश टीव्हीनं तो लगेचच उलटा करून दाखवला. ‘नाइटमेअर’ हा आयटीव्हीवरचा मुलांचा कार्यक्रम १९८७ ते १९९४ चालला. चार मुलांचा संघ. त्यातला एक डोळ्यांवर येणारं शिरस्त्राण घालून निळ्या पडद्याच्या रिकाम्या स्टुडिओत चालायचा. त्याला पायाखालचं सोडलं तर जवळपास काहीच दिसायचं नाही. भोवतीचं भुयार संगणकानं आणि चित्रांनी जोडलेलं असायचं, ते दिसायचं फक्त त्याच्या तीन मित्रांना आणि घरी बसलेल्या प्रेक्षकांना. मित्र ओरडून सांगणार, दोन पावलं डावीकडे, थांब, आता पुढे. फांगमध्ये वीराला दिसतं आणि गर्दी आंधळी, इथं गर्दीला दिसतं आणि वीर आंधळा. सोफ्यावरच्या पोराचा जीव वरखाली व्हायचा तो या फरकामुळेच. कडा कुठं आहे ते त्याला माहीत होतं, आणि सांगायची सोय नव्हती. जिंकणारे संघ अगदी थोडे होते, आणि कार्यक्रमानं त्याची लाज बाळगली नाही.

टेबलावरच्या खेळाकडे येऊ. तिथं स्पर्धा आधीपासून होती, फक्त कथेच्या बाहेर. गायगॅक्स यांचं ‘टूम ऑफ हॉरर्स’ १९७५ साली बाल्टिमोरच्या पहिल्या ‘ओरिजिन्स’ संमेलनातल्या स्पर्धेसाठी वापरलं गेलं, छापून आलं १९७८ मध्ये. वेगवेगळे संघ, तयार पात्रं, एकच भुयार, बघू कोण किती पुढे जातं. पुढे या खेळाच्या प्रकाशकांनी, टीएसआरनं, ‘सी’ अक्षराची साहसांची एक मालिकाच काढली, ती स्पर्धांसाठीची. तिच्यातल्या पहिल्या पुस्तकात, ‘हिडन श्राइन ऑफ तामोआचान’मध्ये, गुण देण्याचा तक्ताही होता. म्हणजे अमुक सापळा ओळखला तर इतके, तमुक खोलीत घुटमळला तर उणे. पात्रांच्या लेखी मात्र हे सगळं प्राचीन थडगं नाहीतर हरवलेलं देऊळ. खेळणाऱ्यांना ठाऊक होतं की ते परीक्षेला बसलेत, पात्रांना नाही. या दोन जाणिवांमधली भिंत कुणीतरी पाडणं एवढंच बाकी होतं.

ती पाडली ब्रेंडन लासाल यांनी. त्यांचा ‘एक्सक्रॉल’ हा खेळ २००२ साली पांडाहेड प्रॉडक्शन्सनं काढला, डी अँड डीच्या तिसऱ्या आवृत्तीचे नियम तेव्हा सगळ्यांना वापरायला खुले झाले होते, त्या लाटेत. जग आपल्यासारखंच, आजचं, गाड्या, टीव्ही, जाहिराती. फरक इतकाच की जादू खरी आहे, एल्फ आणि बुटके शेजारी राहतात आणि अमेरिकेच्या जागी उत्तर अमेरिकी साम्राज्य आहे, ज्याच्या गादीवर सम्राट रॉनल्ड पहिला. या साम्राज्याचा लाडका खेळ म्हणजे शहराशहरांत बांधलेली भुयारं आणि त्यांत उतरणारे व्यावसायिक संघ, पैसे भरून थेट प्रक्षेपण बघणारे घराघरांतले लोक. तुमचं पात्र इथं भटका भाग्यशोधक नाही. ते खेळाडू आहे, त्याला मॅनेजर आहे, चाहते आहेत. मंत्र मारणारा इथं ‘ब्लास्टर’ असतो, गाऊन-वाजवून संघाला चढवणारा ‘जॅमर’. फुटबॉलच्या संघात जागांना नावं असतात तसंच.

पण या रचनेतलं हृदय आहे डीजे. डंजन जज. साध्या खेळात डंजन मास्टर हा टेबलाच्या टोकाला पडद्याआड बसलेला माणूस. तो जगाला आवाज देतो, पण स्वतः त्या जगात नसतो. लासाल यांनी त्याला उचलून आत टाकलं. भुयार आखणारा डीजे हे कथेतलंच पात्र आहे, नावाजलेलं, मिरवणारं, ध्वनिक्षेपकावरून संघाला टोमणे मारणारं. ही गंमत नीट चाखायची तर टेबलावर काय होतं ते पाहा. तुमच्या पायाखालची फरशी सरकली, तुम्ही आम्लाच्या टाकीवर लोंबकळताय. एरवी तुम्ही समोरच्या मित्राकडे वैतागून बघता, आणि जरा अवघडल्यासारखं होतं, कारण राग धरायचा कुणावर? जगावर रागावता येत नाही, आणि मित्रावर रागावणं बरं दिसत नाही. एक्सक्रॉलमध्ये तुम्ही एका हातानं कडा धरून दुसरा हात कॅमेऱ्याकडे नाचवता आणि डीजेच्या सात पिढ्यांचा उद्धार करता. गर्दी खूश. डीजेही खूश, कारण हा तर छान कार्यक्रम झाला. त्यासाठी नियमही आहे. प्रेक्षकांसाठी केलेल्या देखाव्याला, ऐटीला इथं कौशल्याचा दर्जा आहे, आणि त्यावर कीर्ती वाढते.

जत्रेतला ‘मौत का कुआँ’ ज्यांनी पाहिलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. वरच्या कठड्यावरून कुणीतरी दहाची नोट खाली धरतं, आणि फळकुटांच्या उभ्या भिंतीवरून मोटारसायकल हाकणारा तो गडी हँडल सोडून ती टिपतो. फेरा मारायला हात सोडायची काही गरज नसते. गरज असते ती नोटेची, आणि नोटेला त्या सोडलेल्या हाताची.

डीजेच्या पात्रात आणखी एक खोल सोय दडलीय. भुयार फार सोपं झालं तर प्रेक्षक जांभया देणार. पहिल्याच खोलीत सगळा संघ खलास झाला तर उरलेल्या वेळात दाखवायचं काय? म्हणजे डीजेला हवं असतं अवघड, पण पार होण्याजोगं भुयार, प्रत्येक खोलीत नवं काहीतरी, शेवटी मोठा राक्षस. टेबलावर बसलेल्या खऱ्या डंजन मास्टरला नेमकं हेच हवं असतं. पात्राचा स्वार्थ आणि ते खेळवणाऱ्याचा स्वार्थ इतके तंतोतंत जुळलेले मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसले नाहीत. सुरुवातीचा ऑर्क आठवतोय? त्याला आता पेटीवर का बसवलंय, याचं साधं उत्तर आहे. कॅमेरा तिकडे आहे.

दोन बारीक नियमांचा उल्लेख करायलाच हवा. एक ‘नो-गो’ दार. भुयारात मधेमधे अशी दारं असतात, त्यातून बाहेर पडलात की जीव वाचतो आणि स्पर्धा संपते. ऐकायला ही दया वाटते. खेळताना कळतं की हा डावातला सर्वांत क्रूर शोध आहे. साध्या डंजनमधून माघार घेणं खासगी असतं, गुपचूप निघून यायचं, सराईत जाऊन गप्प बसायचं. इथं माघारीला चौकट आहे, दिवे आहेत, लाखो डोळे आहेत. जखमी मित्र जमिनीवर, दार चार पावलांवर, आणि त्याला ओढत तिथवर न्यायचं की लढायचं यावर टेबल पाच मिनिटं भांडतं. दुसरा नियम ‘मोजो’. संघाच्या एकजुटीचे हे गुण स्वतःच्या फाशासाठी खर्च करता येत नाहीत, साथीदाराच्या फाशाला लावायचे. ज्या जगात प्रत्येक जण आपल्या नावासाठी धडपडतोय, तिथं नियमानंच ही एक गोष्ट दुसऱ्यासाठी राखून ठेवली. उपहासाच्या एवढ्या गोंगाटात हा हळवा तुकडा लासाल यांनी कुठंही भाषण न करता बसवलाय.

गोंगाट मात्र आहे. सम्राट रॉनल्ड हा विनोद पहिल्यांदा जोरात लागतो, नंतर तो नुसता तिथं असतो. जाहिरातबाजीची टिंगल करताना पुस्तक कधी कधी स्वतःच जाहिरातीच्या चढ्या पट्टीत बोलतं. आणि मोठी उणीव म्हणजे गर्दी. स्टेडियममधल्या हजारोंना टेबलावर आवाज कुणाचा? त्याच एका डंजन मास्टरचा. तो म्हणाला गर्दी आरोळी ठोकते, तर ठोकते. चार जणांच्या टेबलावर दहा हजारांचा दबाव आणणं ही नटाची कसोटी आहे, आणि ती पेलणारा नसेल तर एक्सक्रॉल म्हणजे नेहमीचंच डंजन, वर निऑनचे दिवे. भुयारात आणून ठेवलेल्या राक्षसांचं काय, हा प्रश्नही करमणुकीच्या प्रकाशात जरा लवकर विरघळतो. मॅट डिनिमन यांच्या ‘डंजन क्रॉलर कार्ल’ या २०२० पासूनच्या कादंबऱ्यांनी तो उचलून धरला. तिथं परग्रहवासीयांच्या टीव्हीसाठी पृथ्वीच्या पोटात अठरा मजली भुयार होतं, कार्ल आणि त्याच्या माजी प्रेयसीची मांजर डोनट लोकप्रियतेच्या जोरावर जगतात, आणि समोर मरायला उभ्या केलेल्यांनाही आठवणी असतात. विनोद तिथंही आहे, पण तो घशात अडकतो.

एक्सक्रॉल दोन दशकं तग धरून आहे. गुडमन गेम्सनं त्याची ‘एक्सक्रॉल क्लासिक्स’ ही नवी आवृत्ती त्यांच्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’च्या नियमांवर बांधली. त्या नियमांत मुळातच पात्रं भराभर मरतात आणि फासे भलतंच काही करून ठेवतात. प्रक्षेपणासाठी उत्तम.

मधल्या काळात बाहेरचं जग पुस्तकाच्या पुढं निघून गेलं. मार्च २०१५ मध्ये ‘क्रिटिकल रोल’ सुरू झालं, आवाजाची कामं करणारे काही नट इंटरनेटवर थेट डी अँड डी खेळू लागले, आणि २०२३ मध्ये त्यांनी लंडनच्या वेंब्ली अरीनात खेळून दाखवलं. जानेवारी २०२५ मध्ये ‘डायमेन्शन ट्वेंटी’ या तशाच कार्यक्रमाच्या मंडळींनी न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरवलं. जिथं मुष्टियुद्धं होतात तिथं माणसं टेबलाशी बसून फासे टाकतात आणि वीस पडला की स्टेडियम उठून उभं राहतं. लासाल यांना २००२ मध्ये प्रेक्षक जमवायला अख्खं साम्राज्य, खरी भुयारं आणि खरी प्रेतं कल्पावी लागली होती. प्रत्यक्षात यातलं काहीच लागलं नाही. त्या गर्दीला ना खड्डा दिसत होता ना राक्षस. दिसत होते ते फक्त आकडा वाचणाऱ्या माणसाचे डोळे, आणि त्यासाठी तिनं तिकीट काढलं होतं.